रांग निघाली प्रार्थनेला

धर्मानं माणसाला काय दिलं, या प्रश्नावर थोरामोठ्यांनी पुष्कळ विचार केला आहे. कुणी म्हणतं श्रद्धा दिली, कुणी म्हणतं शिस्त दिली, कुणी म्हणतं संकटात धीर दिला. हे सगळं खरंच असणार. पण ज्या प्रार्थनाघराच्या चिटणिसांची ही गोष्ट आहे, तिथल्या कुठल्याही मुलाला हा प्रश्न विचारला असता, तर त्यानं तोंड पुसत पुसत सांगितलं असतं, की धर्मानं आम्हाला मलईचा केक दिला.

दर रविवारी सकाळी तिथं आधी प्रार्थना व्हायची, मग गुरुजींचं प्रवचन व्हायचं, आणि मग ज्याच्यासाठी मुलं एवढा वेळ हाताची घडी घालून बसलेली असत, तो खाऊ व्हायचा. खाऊची पाळी घराघरांतून फिरे. पूर्वी म्हणे पाळीचं घर बिस्किटांचे चार पुडे आणून मोकळं होई. मग कधीतरी कुणा सुगरणीनं बिस्किटाला मलई लावली. पुढच्या रविवारच्या घराला नुसतं मलईचं बिस्कीट कसं पुरणार? त्यांनी केक आणला. केकवर चॉकलेट आलं, चॉकलेटवर आइस्क्रीम आलं, आणि शेवटी पाळीच्या घरातली माणसं शनिवारपासून एकमेकांशी बोलेनाशी होऊ लागली. श्रद्धेचा प्रवास वरवर होत जातो असं गुरुजी सांगत. खाऊचाही तसाच होत होता.

अशा एका रविवारी डॉक्टरीणबाई उठल्या. त्या प्रार्थनाघराच्याच सभासद, शिवाय जवळच्या शाळांतून मुलांची तपासणी करायच्या. त्या म्हणाल्या, "आपल्या मुलांची वजनं वयाच्या मानानं फार वाढताहेत. यात मुलांचा काही दोष नाही, त्यांना कुणी एका शब्दानं बोलायचं नाही. आपण पुढ्यात ठेवतो ते ती खातात, आणि आपण गाडीत बसवतो म्हणून ती बसतात. शाळेत सांगून सांगून माझा घसा बसला. पण इथं सगळी घरं एका छपराखाली येतात. इथं ठरलं, तर घराघरांत पोचेल."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. माना डॉक्टरीणबाईंच्या दिशेनं हलत होत्या, डोळे कोपऱ्यातल्या टेबलाकडे होते. त्या दिवशी केक दोनमजली होता.

"मग हे काम कोण अंगावर घेतंय?" गुरुजींनी विचारलं.

सगळी सभा आपापल्या चपला न्याहाळू लागली. चिटणीस तेवढे समोर बघत राहिले, आणि निवड झाली. लोकांना वाटलं, सवयीनं झाली. चिटणीस पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभाग सांभाळत. समोर बघत राहायचं आणि सगळं ऐकून घ्यायचं, हीच त्यांची नोकरी होती. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मुलांच्या गायनवृंदात दुसऱ्या रांगेत उभं होतं.

त्यांच्या मुलीला सगळे बुलबुल म्हणत. चौथीतली पोर. सकाळी दात घासताना गायची, गणितं सोडवताना गायची, रागावली तरी चालीत रागवायची. प्रार्थनाघराच्या वर्धापनदिनाला दरवर्षी एक मूल एकट्यानं प्रवचनाआधीची मुख्य प्रार्थना म्हणे, आणि तिची शेवटची ओळ एका दमात, लांबवर नेऊन सोडायची असे. बुलबुलला ती म्हणायची होती. फक्त तीच म्हणायची होती. पण ओळ संपायच्या जरा अलीकडे तिचा श्वास तुटे. आधी ती हसायची, मग हसायची थांबली, आणि हल्ली दात घासताना नुसतेच दात घासायची.

गायनवृंद शिकवायची तिची आईच. तिनं सांगून टाकलं होतं, "माझी मुलगी म्हणून देणार नाही. दम टिकला तर देईन, नाही टिकला तर नाही."

"अगं, पण थोडं लवकर संपवलं तर?" चिटणीस म्हणाले होते.

"तुमच्या कार्यालयात थोडं लवकर संपवतात. इथं नाही."

चिटणिसांना आणखी एक गोष्ट दिसली होती, जी त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. जिना चढताना बुलबुल दुसऱ्या मजल्यावर बुटाची नाडी बांधायला वाकत असे. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

तर चिटणीस कामाला लागले. समितीनं ठराव केला, खाऊत फळं असावीत. पुढच्या रविवारी केकमध्ये फळं आली. चिटणिसांनी दुरुस्ती केली, खाऊ फळांचाच असावा. त्याच्या पुढच्या रविवारी फळं आली खरी, पण साखरेच्या पाकात गळ्यापर्यंत बुडालेली, आणि वरून मलई.

"फळंच आहेत रे," मोठ्या काकू म्हणाल्या. मोठ्या काकू खाऊच्या सर्वेसर्वा, वयानं आणि आवाजानं सगळ्यांच्या काकू. "पाकात टाकली म्हणून काय त्यांची जात बदलते?"

चिटणिसांनी घरी येऊन सांगितलं, की समाज सुधारण्याच्या पलीकडे गेला आहे. बायको म्हणाली, "अहो, ताटातून काढून घ्यायला गेलं की सगळे वाघ होतात. चालवा की मुलांना. प्रार्थनाघर काय मैलावर आहे?"

मैलावर नव्हतं. सगळी सभासद मंडळी आसपासच्याच गल्ल्यांत राहत. पण येत गाडीनं, कारण प्रार्थनाघरासमोर गाडी लावायला जागा मिळणं, हे तिथं पुण्यवान असण्याचं लक्षण मानलं जाई. चिटणिसांच्या डोळ्यांसमोर एकदम चित्र उभं राहिलं: मुलांची एक रांग. पुढं ते स्वतः, गळ्यात शिट्टी. दारोदार थांबून एकेक मूल सोबत घ्यायचं, आणि गात गात प्रार्थनेला जायचं. चित्रात त्यांचं पोटही जरा आत गेलेलं होतं.

ही योजना त्यांनी तळमजल्यावरच्या मॅनेजरकाकांना सांगितली, ही पहिली चूक. मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाले तेव्हापासून सल्ले देण्याचं काम बिनसुट्टी करत. "चालवताय? लहान मुलांना?" ते म्हणाले. "गुडघे झिजतात, चिटणीस. माणसाला गुडघे दोनच मिळतात. मी आयुष्यभर जपले. बघा, अजून नव्यासारखे आहेत." आणि ते मोटारीत बसून कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रेड आणायला गेले.

दुसरी चूक म्हणजे परवानगी मागणं. मुलं रस्ता ओलांडणार म्हणून चिटणीस वाहतूक पोलिसांच्या चौकीत गेले.

"मोर्चा का?" हवालदारानं विचारलं.

"नाही हो. मुलं चालत प्रार्थनेला जाणार."

"चालायला परवानगी लागत नाही."

"पण रांगेनं जाणार."

"मग लागते."

"मग द्या."

"कशाची देऊ? मोर्चा, मिरवणूक की अंत्ययात्रा?"

"यातलं काहीच नाही."

"यातलं काहीच नाही अशी रांग आमच्याकडे नसते. मागण्या काय आहेत?"

"मागण्या नाहीत."

"मागण्या नसताना एवढी माणसं उन्हात कशाला चालतील?" हवालदारानं त्यांच्याकडे संशयानं पाहिलं. चिटणिसांना राग यायला हवा होता. पण एका जाणत्या गवयानं दुसऱ्याची तान ऐकावी, तसं त्यांना झालं. आपण इतकी वर्षं तक्रारदारांना हेच ऐकवत आलो, पण इतकं सफाईनं कधी जमलं नाही.

शेवटी हवालदाराला दया आली. "असं करतो, अंत्ययात्रेत घालतो. तिला मागण्या लागत नाहीत, वाद्यं नसली तरी चालतं, आणि गाड्या आपोआप थांबतात."

गाड्या खरंच थांबल्या. पहिल्या रविवारी रांग चौकात आली, तेव्हा पोलिसानं टोपी काढून छातीशी धरली. एक सायकलवाला उतरला, चिटणिसांजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, "कोण होतं?"

"अजून सगळे आहेत," चिटणीस म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

मुलांना रांग भलतीच आवडली. दुसऱ्या रविवारी जास्त मुलं आली, तिसऱ्या रविवारी तर ज्यांनी गुरुजींना महिनोन्‌महिने तोंड दाखवलं नव्हतं तीही आली. गुरुजींनी प्रवचनात चिटणिसांचं कौतुक केलं. चिटणिसांनी नम्रपणे खाली पाहिलं. खाली पाहिल्यावर बूट दिसेनात, हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. पण कौतुकाच्या वेळी माणूस बारकाईनं बघत नाही.

झालं होतं असं. प्रार्थनेला निघालेला माणूस दारात आला, तर त्याला काही खाल्ल्यावाचून पुढं पाठवायचं नाही, हा त्या समाजाचा जुना रिवाज. तो कुणी कुठं लिहून ठेवला नव्हता, त्यामुळे मोडायचा कसा हेही कुणाला माहीत नव्हतं. पण सगळे आपापल्या गाडीत बसून निघत, कुणी कुणाच्या दारात जात नसे, आणि रिवाज बिचारा कित्येक वर्षं उपाशी पडून होता. चिटणिसांनी रांगेला दारोदार थांबवलं आणि तो खडबडून जागा झाला.

पहिल्या दारात सरबत आलं. चिटणिसांनी विचार केला, पाणीच तर आहे, उलट उन्हात बरं. दुसऱ्या दारात सरबतासोबत बिस्कीट आलं. नुसतं सरबत देणाऱ्या घरानं हे ऐकलं, आणि पुढच्या खेपेला तिथं सँडविच तयार होतं. मोठ्या काकूंच्या दारात तर टेबल मांडलेलं. "खा रे, खा. चालून चालून तोंडं कशी सुकली बघा लेकरांची!" काकू म्हणायच्या. लेकरं तोवर दोन गल्ल्या चालून तीन घरचं खाऊन आलेली असत.

चिटणीस नको म्हणून बघत. पण शिट्टीवाल्याला आग्रह दुप्पट. "तुम्ही पुढारी, तुम्ही नाही खाल्लंत तर मुलं कशी खातील?" ही भीती घालून प्रत्येक घर त्यांना दोनदा वाढे.

मग तक्रारी सुरू झाल्या. ज्यांची घरं वाटेवर नव्हती, त्यांचा जीव तळमळला. "आमच्या दारानं काय पाप केलंय?" असे फोन घरी येऊ लागले. दोन वहिनी तर थेट कार्यालयात, तक्रारीच्या खिडकीवर येऊन उभ्या राहिल्या. मागं नळाला पाणी नसलेली माणसं ताटकळत होती. चिटणिसांना आयुष्यात पहिल्यांदा तक्रार मिटवता येण्यासारखी होती, म्हणून त्यांनी ती उत्साहानं मिटवली. रांगेची वाट लांबवली. मग आणखी लांबवली. शेवटी नकाशा गुंता झालेल्या दोऱ्यासारखा दिसू लागला. रांग प्रार्थनाघराच्या दारावरून जाऊन, तिकडं न बघता, पुढच्या गल्लीतल्या घराकडे वळू लागली. गुरुजी एका रविवारी रिकाम्या बाकांसमोर प्रार्थना आटोपून घाम पुसत बसले असताना, रांग ओठांवरचं चॉकलेट चाटत आत आली.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी ओसरीवर वजनकाटा ठेवला. मुलांशी त्या हसतखेळत बोलल्या, एकालाही काही म्हणाल्या नाहीत. मग चिटणिसांना बाजूला घेतलं.

"चिटणीस, मुलांना चालवलंत ना?"

"चालवलं की."

"मग वजनं वाढली कशी?"

"मधे मधे थांबवलंही," चिटणीस म्हणाले.

"तुम्हीही जरा काट्यावर उभे राहता का?"

"माझा या योजनेशी संबंध फक्त प्रशासकीय आहे," चिटणीस म्हणाले, आणि शिट्टी खिशात घालून निघाले.

हे सगळं त्यांनी पचवलं असतं. पण त्या संध्याकाळी तालमीत बुलबुलचा श्वास नेहमीपेक्षाही अलीकडे तुटला. घरी येताना ती म्हणाली, "बाबा, पोट एवढं भरलेलं असतं ना, की श्वासाला बसायला जागाच नसते." आणि जिन्यात ती वाकली. चिटणीसही शेजारी वाकले आणि स्वतःच्या बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधत बसले, तिचा दम परत येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सभा बोलावली. तिथं चिटणीस जन्मात पहिल्यांदा चिडले. चिडायची सवय नसल्यामुळे त्यांना कुठं थांबायचं ते कळलं नाही.

"काय चाललंय काय हे?" ते कडाडले. "पहिल्या घरी सँडविच! पुढच्या घरी सँडविच आणि वर आइस्क्रीम! कोपऱ्यावरच्या घरात बटाट्याचे तळलेले काप, तेसुद्धा दोन तऱ्हांचे! डॉक्टरीणबाईंच्या शेजारी, ऐका, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी, तीनमजली केक! अरे, ही मुलं आहेत की मालगाडी?"

सगळी सभा एकदम ताठ बसली. आपल्या शब्दांचा परिणाम झालेला बघून चिटणिसांना धन्य वाटलं. परिणाम झालाच होता. फक्त त्यांनी मारलेला दगड भलत्याच झाडाला लागला होता.

"तीनमजली?" मोठ्या काकूंनी सावकाश विचारलं. "माझ्याकडचं एवढं खाऊन मुलं तिथं जाऊन तीनमजली केक खातात?"

"आइस्क्रीम कोण देतं?" सँडविचवाल्या वहिनींनी मान वळवली.

"दोन तऱ्हांचे म्हणजे कुठले कुठले?" मागून कुणीतरी.

चिटणिसांनी राजीनामा दिला. तो कुणाला ऐकू गेला नाही, त्यामुळे मंजूर होऊ शकला नाही.

पुढच्या रविवारी ते पडलेल्या खांद्यांनी रांगेच्या सुरुवातीच्या घरी गेले, तर तिथं मुलांच्या पुढं मोठ्या काकू उभ्या. पायात चालायचे बूट, कमरेला ओढणी खोचलेली.

"मीही येते," काकू म्हणाल्या. "मुलांवर कुणी लक्ष नको ठेवायला?"

लक्ष त्या ठेवत होत्या, पण मुलांवर नाही. प्रत्येक दारात त्या उंबऱ्यावरून मान आत घालून टेबल बघत, वाटीत बोट बुडवून चव घेत आणि "हं" म्हणत. त्या 'हं'नंतर भल्याभल्या सुगरणींनी आपलाच पदार्थ पुन्हा चाखून पाहिला. असं करत रांग काकूंच्या स्वतःच्या घरी पोचली. दाराला कुलूप होतं. साहजिकच होतं, काकू रांगेत होत्या.

मुलांनी कुलपाकडे पाहिलं. कुलपानं मुलांकडे पाहिलं.

"चला, चला, पुढं चला," काकू म्हणाल्या.

काकूंनी सगळ्यांचं पाहिलं आणि आपण काकूंचं पाहिलं नाही, ही गोष्ट त्या आठवड्यात एकाही घराला पचली नाही. त्यानंतरच्या रविवारी सुरुवातीच्या घरासमोर झाडून सगळ्या वहिन्या, मावश्या, आज्या हजर. कुणाकडे काय देतात ते पहिल्या दारापासून बघायचं, म्हणून प्रत्येकीनं आपलं दार ओढून घेतलं होतं. रांग निघाली. पहिल्या दाराला कुलूप. दुसऱ्या दाराला कुलूप. कोपऱ्यावर कुलूप, डॉक्टरीणबाईंच्या शेजारी कुलूप. काही घरांत नवरे मागं राहिले होते, त्यांनी दारं उघडलीही. पण खाऊचा डबा कुठं असतो, हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते कपाटं उघडून बघत उभे राहिले, आणि मग घरात आपल्यालाच काही मिळणार नाही हे ध्यानात आल्यावर चपला घालून रांगेत आले.

असा तो रिवाज मोडला. कुणी मोडला नाही, कुणी ठराव केला नाही, कुणी नाही म्हणालं नाही. द्यायला घरात माणूसच नव्हतं, एवढंच.

आता यातून कुणीतरी बाहेर पडावं ना? पण आधी घरी कोण थांबणार? जी थांबेल तिच्या एकटीच्या टेबलावर सगळ्या जणी मिळून "हं" म्हणणार. कुणाची छाती झाली नाही. शिवाय चुरस आता पायांत उतरली होती. मोठ्या काकू पुढं, म्हणून सँडविचवाल्या वहिनींनी पावलं उचलली. वहिनी पुढं गेल्या, म्हणून काकू संध्याकाळी सराव करू लागल्या, आणि सराव करताना दिसू नये म्हणून "मुलांना जरा फिरवून आणते" असं सांगून रोज गल्लीतली पोरं सोबत नेऊ लागल्या. मुलं त्यांच्या मागं अक्षरशः पळत. मधे मैदान लागे, तिथं काकू धापा टाकायला थांबत आणि मुलं पकडापकडी खेळत. डॉक्टरीणबाईंनी वर्षभर सांगून जे झालं नव्हतं, ते काकूंच्या धापांच्या वेळात होऊ लागलं.

प्रार्थनाघरातल्या खाऊचंही तेच झालं. सकाळी सगळ्याच रस्त्यावर, केकला वेळ कुणाला? पाळीचं घर येताना फळं उचलून आणी, कुणीतरी ती कापी, आणि चालून आलेली मुलं ती पाकाची चौकशी न करता खात. चिटणिसांनी केलेल्या ठरावाची कुणालाच आठवण नव्हती. त्यांनी करून दिलीही नाही. काही सुखं गप्प राहूनच भोगायची असतात.

बुलबुलच्या आईनं मधेच नियम काढला, की एवढं चालायचंच आहे तर तालीम चालताना करू, वेळ तरी वाचेल. मग रांग गाऊ लागली. आधी दोन शब्दांगणिक धापा टाकणारी पोरं हळूहळू अख्खं कडवं म्हणत चढ चढू लागली. चिटणीस मागून चालत, शिट्टी न वाजवता. पुढच्या गोंगाटातून त्यांना एकच आवाज ऐकू येई, आणि तो दर रविवारी जरा आणखी लांब जाई. एका सकाळी न्हाणीघरातून दात घासतानाचं गाणं ऐकू आलं. चिटणीस दाढी अर्धी टाकून बाहेर येऊन उभे राहिले, आणि आत जाऊन बायकोला म्हणाले, "ऐकलंस?"

"ऐकलं," बायको म्हणाली. "दुसऱ्या ओळीत बेसूर आहे." पण तिचे डोळे भरले होते.

वर्धापनदिनाच्या प्रार्थनेसाठी निवड बायकोनं सगळ्यांसमोर, डोळे मिटून, मुलांना पाठमोरी बसून केली. तिनं ज्या आवाजाकडे बोट केलं, तो बुलबुलचा निघाला.

वर्धापनदिनी रांग इतकी लांब झाली, की चौकातल्या पोलिसाला टोपी छातीशी धरून हात दुखून आला. प्रार्थनाघर भरलं. बुलबुल पुढं येऊन उभी राहिली, आणि चिटणिसांनी शेजारच्या माणसाची मांडी पकडली, आपली समजून. ती गायली. शेवटची ओळ आली. जिथं श्वास तुटायचा ती जागा आली. आणि गेली. ओळ पुढं गेली, वर गेली, खिडक्यांपर्यंत गेली. गुरुजी आशीर्वादासाठी हात वर करून उठले, तरी ओळ संपेना, म्हणून हात तसाच ठेवून उभे राहिले. मोठ्या काकूंनी तोंडाला ओढणी लावली. बुलबुलनं ओळ हवी तिथं नेऊन अलगद ठेवली आणि वडिलांकडे बघून हसली. धाप लागली होती ती चिटणिसांनाच, कारण तेवढा वेळ त्यांनीही श्वास धरला होता. टाळ्यांनी छप्पर दणाणलं. डॉक्टरीणबाईंनी उभं राहून सांगितलं, की मुलांची तब्येत सुधारते आहे, वजनं आटोक्यात येताहेत, आणि असं काम फक्त असाच समाज करू शकतो. समाजानं मान हलवून ते मान्य केलं.

मग गुरुजी वर्धापनदिनाच्या प्रवचनाला उभे राहिले. विषय त्यांनी वर्षभर मनात घोळवला होता. दोन-तीन वाक्यांतच पहिला बाक डुलू लागला, मग दुसरा, आणि थोड्याच वेळात मोठ्या काकूंपासून बुलबुलपर्यंत सगळी रांग एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टाकून गाढ झोपली. चिटणीस सर्वांत आधी. प्रवचन शेवटपर्यंत ऐकलं ते एकट्या मॅनेजरकाकांनी. ते मोटारीनं आले होते.